शस्त्रक्रिया दोन तासांची, पथ्य दोन महिन्यांचे

पॅरिसमधल्या एका साध्या हॉटेलच्या खोलीत १० ऑक्टोबर १९०० रोजी नाटककार ऑस्कर वाइल्ड यांच्या उजव्या कानावर शस्त्रक्रिया झाली. तो कान बरीच वर्षे वाहत होता. रोज जखमेची पट्टी बदलली जात होती, डॉक्टर येऊन जात होते. महिनाअखेरीस वाइल्ड अंथरुणातून उठून बाहेर फिरूनही आले. पण नोव्हेंबरात दुखणे उलटले आणि ३० नोव्हेंबरला, वयाच्या ४६व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. शंभर वर्षांनी, २००० साली, दोन डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जुन्या नोंदी तपासून मत मांडले, की कानातला जंतुसंसर्ग मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचल्याने हा मृत्यू झाला असावा.

ऑस्कर यांचे वडील सर विल्यम वाइल्ड हे डब्लिनचे नामवंत कर्णशल्यविशारद होते. कानामागे छेद देऊन साठलेला पू बाहेर काढायच्या पद्धतीला आजही त्यांचे नाव आहे. एवढा वारसा असलेल्या माणसालाही त्या काळचे वैद्यक वाचवू शकले नाही, कारण तेव्हा प्रतिजैविके नव्हती आणि कानाच्या शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शकही नव्हता.

आज दोन्ही आहेत. फाटलेला पडदा सांधणे, सडलेले हाड काढणे, अडकलेले हाड बदलणे या शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या ठिकाणीही होतात आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतात. त्यामुळे बरे होण्याचा मोठा काळ आता दवाखान्यात जात नाही, घरात जातो. हातात एक चिठ्ठी असते. ‘नाक शिंकरू नये, कानात पाणी जाऊ देऊ नये, वजन उचलू नये, तपासणीला यावे.’ या चारपाच ओळींमागे कानाच्या रचनेचे आणि जखम भरण्याच्या प्रक्रियेचे शास्त्र आहे. ते कळले की पथ्य जाचक वाटत नाही आणि निष्कारण भीतीही वाटत नाही.

एक दशांश मिलिमीटरचा पडदा

कानाचा पडदा साधारण नऊ ते दहा मिलिमीटर व्यासाचा आणि जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यामागे हवेने भरलेली छोटी पोकळी म्हणजे मध्यकर्ण. तिथे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे एकमेकांना जोडलेली असतात. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर आणि रिकिबीचा तळ सुमारे ३.२ चौरस मिलिमीटर. मोठ्या पृष्ठभागावर पडलेला ध्वनीचा दाब एवढ्याशा जागेत एकवटतो. त्यात हाडांच्या तरफेची भर पडून तो मूळच्या सुमारे २२ पट होतो. म्हणूनच हवेतला क्षीण आवाज अंतर्कर्णातल्या द्रवाला हलवू शकतो. पडद्याला भोक पडले की ही साखळी दुबळी होते आणि मध्यकर्णाचे दार बाहेरच्या पाण्याला व जंतूंना मोकळे होते. मग सर्दी झाली किंवा डोक्यावरून पाणी घेतले की कान वाहू लागतो.

हे भोक बुजवायची धडपड जुनी आहे. १६४० मध्ये जर्मनीतल्या मार्कुस बान्झर यांनी हस्तिदंती नळीच्या टोकावर डुकराच्या मूत्राशयाचे पातळ आवरण ताणून कानात बसवायचा उपाय सांगितला होता. खरी वाट मोकळी झाली ती विसाव्या शतकात. १९२१ साली स्वीडनमध्ये कार्ल निलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक वापरला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या होर्स्ट वुलस्टाइन आणि फ्रिट्झ त्स्योलनर यांनी पडदा व हाडांची साखळी पुन्हा उभी करणारी शस्त्रक्रिया बसवली. तीच टिम्पॅनोप्लास्टी. सुरुवातीला पडद्यासाठी त्वचेचा तुकडा लावत. तो आतल्या ओलीत टिकत नसे. दशकाच्या शेवटी कानाच्या वर, कानशिलाच्या स्नायूवर असलेले चिवट पांढरे आवरण वापरात आले आणि आजही बहुतेक ठिकाणी तेच लावतात. हे आवरण रुग्णाचेच असल्याने शरीर ते परके म्हणून नाकारत नाही.

मात्र नव्या जागी लावलेल्या या तुकड्याला पहिल्या दिवसांत स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूच्या ऊतींमधून झिरपणाऱ्या द्रवावर तो तग धरतो. मग जुन्या पडद्याच्या कडांमधून बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरतात आणि वरून त्वचेचा पातळ थर सरकत येऊन त्याला झाकतो. या प्रक्रियेला काही आठवडे लागतात. कोकणात आंब्याचे कलम बांधल्यावर सांधा जुळेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. कानातल्या या तुकड्याचेही तसेच आहे. त्याला टाके नसतात. खालून आणि वरून विरघळणाऱ्या जिलेटिनच्या स्पंजचे तुकडे रचून त्याला जागेवर धरलेले असते. चिठ्ठीतले जवळपास प्रत्येक पथ्य हा तुकडा जागेवरून हलू नये आणि ओला होऊन सडू नये, एवढ्याचसाठी असते.

पहिला आठवडा

डोक्याभोवतीची जाड पट्टी बहुधा एक-दोन दिवसांत निघते. कानामागे छेद असेल तर टाके साधारण आठवड्याने काढतात किंवा ते आपोआप विरघळतात. या दिवसांत ज्या गोष्टींनी घरचे घाबरतात, त्यातल्या बऱ्याचशा अपेक्षितच असतात.

कापसाला थोडे लालसर पाणी लागते. जबडा उघडताना आणि चावताना कानाच्या वर दुखते, कारण ज्या स्नायूवरचे आवरण काढले तो चावण्याचाच स्नायू आहे. चारदोन दिवस मऊ भात, खिचडी, पातळ भाजी बरी पडते. कानात टकटक, बुडबुडे फुटल्यासारखे आवाज येतात. स्वतःचा आवाज आणि पापड चावल्याचा आवाज डोक्यात घुमतो. कानाची बाहेरची नळी पॅकिंगने बंद असल्याने हाडांतून येणारे हे आवाज बाहेर निसटत नाहीत आणि मोठे वाटतात. पॅकिंग निघाले की ते ओसरतात.

काहींना जिभेच्या एका बाजूला लोखंडी चव लागते, चहा बेचव वाटतो. जिभेच्या पुढच्या दोनतृतीयांश भागाची चव नेणारी एक बारीक नस मध्यकर्णातून, हातोडी आणि ऐरण यांच्या मधून जाते. शस्त्रक्रियेत ती ताणली जाते, काही वेळा तोडावीही लागते. ही तक्रार बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ते काही महिन्यांत कमी होते.

कानाची पाळी आणि मागची त्वचा बधिर राहणे हेही नेहमीचेच. छेद देताना त्वचेच्या बारीक नसा कापल्या जातात आणि संवेदना परतायला काही महिने लागतात. इथे एक धोका असतो. आपल्याकडे दुखऱ्या कानाला शेक द्यायची सवय आहे. बधिर त्वचेला चटका कळत नाही आणि भाजून फोड येऊ शकतो. गरम फडके, गरम पाण्याची पिशवी, केस वाळवायचे यंत्र यांपासून तो भाग लांबच ठेवावा.

चष्म्याची दांडी बरोबर जखमेवर टेकते. त्या बाजूला मऊ कापडाची गुंडाळी करावी किंवा काही दिवस चष्मा कमी वापरावा. मास्कची दोरी कानामागे न अडकवता डोक्यामागे बांधावी. हेल्मेटने कान मुडपतो आणि टाक्यांवर घासले जाते. म्हणून जखम भरेपर्यंत दुचाकीच चालवू नये; चक्कर येत असेल तर कोणतेच वाहन नाही. झोपताना दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे आणि शस्त्रक्रिया झालेला कान वर राहू द्यावा.

नाकातून येणारा दाब

नाकाचा आणि कानाचा संबंध काय, असा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. नाकाच्या मागून मध्यकर्णापर्यंत जाणारी सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची युस्टेशियन नळी हे त्याचे उत्तर. एरवी ती मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते आणि आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा करते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि जास्त आडवी असते, म्हणून सर्दी झाली की त्यांचे कान लवकर दुखतात.

इटलीचे शरीररचनाशास्त्रज्ञ अंतोनियो मारिया वाल्साल्वा यांनी १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नाक-तोंड बंद करून श्वास जोराने बाहेर ढकलायची युक्ती सांगितली. मध्यकर्णातला पू बाहेर पडावा, हा तिचा हेतू होता. हीच युक्ती नकळत पुन्हा पुन्हा घडते. जोराने नाक शिंकरले, नाक दाबून शिंक आवरली की हवा नळीतून वर चढते आणि नव्या पडद्याला आतून धक्का देते. कडा जुळायच्या आधी हा धक्का बसला तर तुकडा सरकू शकतो.

म्हणून नाकातला शेंबूड शिंकरण्याऐवजी आत ओढून थुंकून टाकावा किंवा हलकेच पुसावा. शिंक आलीच तर अडवू नये. तोंड पूर्ण उघडे ठेवून शिंकावे, म्हणजे दाब तोंडावाटे निघून जातो. तपकिरीची सवय असणाऱ्यांनी ती बंद ठेवायलाच हवी. सर्दी झाली तर घरगुती उपाय करत बसण्यापेक्षा डॉक्टरांना लगेच सांगावे. फुगे फुगवणे, शंख फुंकणे, बासरी-सनईचा रियाज हे थांबवावे. कपालभाती, भस्त्रिका यांसारखे जोरकस श्वासाचे प्रकार आणि जलनेती सर्जनने परवानगी दिल्यावरच सुरू करावीत.

कुंथण्याने आणि वजन उचलण्यानेही डोक्याकडचा दाब वाढतो. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून भरपूर पाणी, पालेभाज्या, गरज पडली तर इसबगोल घ्यावा. अनेक सर्जन सुरुवातीचे काही आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू देत नाहीत. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसकट त्याचे वजन तीस किलोच्या आसपास जाते. पाण्याने भरलेला हंडाही पाच किलोपेक्षा जडच. रुग्ण घरातली स्त्री असेल तर चौथ्या दिवशी ती ओट्याशी उभी दिसते, वाकून केर काढते, मूल कडेवर घेते. तिला विश्रांती मिळणे हा उपचाराचाच भाग आहे आणि ती जबाबदारी घरातल्या इतरांनी उचलली पाहिजे.

विमानाचेही गणित दाबाचेच. विमान कितीही उंच उडाले तरी आतला दाब जास्तीत जास्त सुमारे आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका कमी होतो. उतरताना तो भराभर वाढतो आणि नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो. त्यामुळे प्रवासाची तारीख ठरवण्याआधी सर्जनला विचारावे. बऱ्याचदा चारसहा आठवडे थांबायला सांगतात.

पाणी, तेल आणि थेंब

निरोगी कानाची स्वच्छतेची स्वतःची व्यवस्था असते. पडद्यावरची त्वचा मध्यापासून कडेकडे आणि तिथून बाहेर रोज किंचित सरकत राहते आणि मळ बाहेर आणते. शस्त्रक्रियेनंतर ही व्यवस्था काही काळ बंद पडलेली असते. आत स्पंज आणि जखम असते. त्यात पाणी गेले की जंतूंना आणि बुरशीला घर मिळते. कोकणातल्या दमट हवेत आणि पावसाळ्यात सर्वत्रच कानातली बुरशी सहज वाढते.

अंघोळ मानेखालून करावी. डोक्यावरून पाणी घ्यायची परवानगी मिळाल्यावर कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी ठेवावा, आत खुपसू नये. केस धुवायचे असतील तर मान मागे टाकून दुसऱ्याकडून धुवून घ्यावेत. विहीर, नदी, तलाव आणि रंगपंचमीचे पाणी कानातली जखम पूर्ण भरेपर्यंत वर्ज्यच.

तेलाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडायची रीत घरोघरी आहे आणि त्यामागे मायाच असते. पण भरत असलेल्या पडद्यावर तेल नको. ते निर्जंतुक नसते, जखमेवर साचते आणि कापसाला चिकटून घाण धरते. कान कोरणे, काडी, हेअरपिन, कापूस गुंडाळलेली काडी यांनाही हाच नियम.

डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंबही फ्रिजमधून काढून थेट घालू नयेत. यामागची गोष्ट नोबेल पारितोषिकापर्यंत जाते. व्हिएन्नातल्या रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आले, की कान धुताना पाणी फार गार किंवा फार गरम असले की रुग्णाला गरगरते आणि त्याचे डोळे ठरावीक दिशेने हलू लागतात. तापमानातल्या फरकाने तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव हलतो, असा अर्थ त्यांनी लावला. १९१४चे नोबेल त्यांना मिळाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. घरात याचा उपयोग एवढाच, की बाटली काही मिनिटे मुठीत धरून थेंब अंगाइतके कोमट करावेत.

कानाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्याची आपल्याकडची नोंद फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सोळाव्या अध्यायात कानाची तुटलेली पाळी जोडायच्या पंधरा पद्धती आहेत आणि त्यापुढे रुग्णासाठी सूचना आहेत. जोड हलवू नये, दिवसा झोपू नये, व्यायाम, अतिभोजन, मैथुन, विस्तवाची धग आणि बोलण्याचे श्रम टाळावेत. कापूस तीन रात्रींनी बदलावा. ती शस्त्रक्रिया बाहेरच्या कानाची होती, तरी जोडलेला भाग स्थिर राहावा हा विचार आजच्या चिठ्ठीतही आहे.

पथ्यात एक भर आधुनिक शास्त्राची आहे. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या पडद्याला पोहोचणारे रक्त कमी होते. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये पडदा न जुळण्याचे प्रमाण जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. घरात दुसऱ्याने ओढलेल्या विडीचा धूरही नाक-घशाला सूज आणतो.

ऐकू कधी येणार?

पट्टी निघताच नीट ऐकू येईल, अशी अपेक्षा घेऊन लोक घरी येतात आणि पहिल्या आठवड्यात हिरमुसतात. कान आधीपेक्षा जास्त बंद वाटतो. वाटणारच, कारण पडद्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज भरलेला असतो. तो विरघळायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, नवा पडदा पातळ होऊन थरथरू लागायला आणखी वेळ लागतो. म्हणून श्रवणचाचणी बहुधा दोनतीन महिन्यांनी करतात. त्याआधी रोज चुटकी वाजवून परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रियेचा हेतूही समजून घ्यावा. कानात वाढून हाड सडवणारी गाठ, म्हणजे कोलेस्टिॲटोमा, काढताना पहिले ध्येय कान कोरडा आणि सुरक्षित करणे हे असते; ऐकणे सुधारण्यासाठी काही वेळा दुसरी शस्त्रक्रिया लागते.

रिकीब घट्ट बसल्याने बहिरेपण आलेल्यांची गोष्ट वेगळी. १ मे १९५६ रोजी अमेरिकेत मेम्फिस इथे जॉन शे यांनी रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. या शस्त्रक्रियेत अंतर्कर्णाचेच दार उघडले जाते, त्यामुळे सुरुवातीला चक्कर येऊ शकते. अशा रुग्णाने हळू उठावे, रात्री आधाराशिवाय स्वच्छतागृहात जाऊ नये, झटक्याने वाकू नये.

कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये, म्हणजे अंतर्कर्णात बसवायच्या श्रवणयंत्रात, तर शस्त्रक्रियेनंतर यंत्र बंदच असते. जखम भरल्यावर, साधारण तीनचार आठवड्यांनी, ते सुरू करतात. पण यंत्र सुरू झाल्यावर खरे काम घरात सुरू होते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला आवाजाचा अर्थ लावायला शिकवावे लागते. कुकरची शिट्टी, दाराची कडी, आजीची हाक, प्रत्येक आवाज दाखवून, नाव घेऊन, पुन्हा पुन्हा ऐकवावा लागतो. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी पालकांना यासाठी मार्गदर्शन मिळते.

वाट पाहू नये अशी लक्षणे

थोडे दुखणे, थोडा स्राव यासाठी धावपळ नको. मात्र काही लक्षणे दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनला गाठावे. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे किंवा डोळा नीट न मिटणे, कारण चेहऱ्याची नस मध्यकर्णाच्या भिंतीतूनच जाते. उलट्यांसह जोराची चक्कर. ऐकू येणे एकाएकी कमी होणे. वाहते रक्त किंवा दुर्गंधी पू. कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव. कानामागे वाढती सूज. ताप, तीव्र डोकेदुखी आणि मान आखडणे, ही मेंदूच्या आवरणांपर्यंत संसर्ग गेल्याची खूण असू शकते. प्रतिजैविकांचा ठरलेला कोर्स बरे वाटू लागले म्हणून अर्ध्यात सोडू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमीअधिक प्रमाणात कमी ऐकू येते. भारतात २००७ पासून बहिरेपण रोखण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. फुटलेल्या कानाकडे दुर्लक्ष हे टाळता येण्याजोग्या बहिरेपणाचे मोठे कारण आहे आणि शस्त्रक्रियेनंतर अर्धवट सोडलेली देखभाल त्यात भर घालते.

टाके निघाले, कान कोरडा झाला, ऐकू येऊ लागले की बहुतेक जण दवाखान्याची वाट विसरतात. कोलेस्टिॲटोमा मात्र काही वर्षांनीही पुन्हा उद्भवू शकतो आणि सुरुवातीला तो दुखत नाही. हाडाची शस्त्रक्रिया झालेला कान दरवर्षी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा. डिस्चार्ज कार्ड आणि श्रवणचाचणीचे कागद जपून ठेवावेत आणि डॉक्टर बदलले तरी ते सोबत न्यावेत. पुढच्या तपासणीची तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.